एका ठिपक्याचे वीस

२२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दसरा-दिवाळी तोंडावर होती, बिनव्याजी हप्ते होते, जुना देऊन नवा घ्यायच्या योजना होत्या. लोकांनी मोठे टीव्ही घेतले. तेव्हापासून एक वाक्य सारखं कानावर येतंय : ‘एवढे पैसे मोजले आणि चित्र जुन्या डब्यापेक्षा वाईट!’

ही तक्रार खरी आहे. चेहऱ्यावरची कातडी गुळगुळीत आणि निर्जीव दिसते, अक्षरांभोवती पांढरी कड येते, क्रिकेटच्या हिरवळीवर चौकोन वळवळतात. ‘सवय नाही तुम्हाला अजून, होईल’ असं सांगून ग्राहकाला वाटेला लावणाऱ्यांनी हे बंद करावं. ग्राहकाचे डोळे ठीक आहेत.

आणि बहुतेक घरांत टीव्हीही ठीक असतो. काडीचा बिघाड नसतो. दुकानदारानं टीव्ही विकला, कंपनीच्या माणसानं भिंतीवर टांगला, डीटीएचवाल्यानं रिचार्ज घेतलं. चित्र नीट दिसतंय की नाही, हे बघायचं काम यातल्या एकानंही आपलं मानलं नाही. माझं भांडण या हात झटकण्याशी आहे. म्हणून आज एकेकाचा हिशेब.

आधी गणित

दूरदर्शनच्या जमान्यात आपण स्वीकारलेली पाल पद्धत ६२५ रेषांची. त्यातल्या ५७६ रेषा चित्राच्या. आजचा साधा, म्हणजे एसडी चॅनल त्याच मापानं येतो : ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. बरोबर पाचपट. फोरके पडद्यावर ८२,९४,४०० असतात. बरोबर वीसपट.

म्हणजे फोरके टीव्हीवर एसडी चॅनल लावला की आलेल्या एका ठिपक्याचे वीस करावे लागतात. एकोणिसांची माहिती आलेलीच नसते. टीव्हीतली चिप शेजारपाजारचे ठिपके बघून ती अंदाजानं भरते. चांगली चिप बरा अंदाज करते, स्वस्तातली वाईट करते. पण शेवटी अंदाजच.

‘मग जुन्या टीव्हीवर हेच चॅनल छान कसे दिसायचे?’ हा प्रश्न रास्त आहे. ५५ इंची पडद्याचं क्षेत्रफळ जुन्या २१ इंची टीव्हीच्या सुमारे सहापट आहे. लहान पडद्यावर उणीव लहान दिसते. शिवाय ट्यूबवरच्या रेषा एकमेकींत थोड्या मिसळायच्या आणि त्यात दोष झाकले जायचे. नवा पडदा काहीही झाकत नाही.

हे गणित शोरूममध्ये कोणी सांगत नाही. तिथं कंपनीनं दिलेली फोरके फीत पेन ड्राइव्हवरून चालू असते : फुलं, पक्षी, समुद्र. ग्राहक घरी जाऊन बघणार बातम्या आणि मालिका. टीव्ही घेताना एकच वाक्य म्हणा : ‘दादा, यावर रोजचा मराठी चॅनल लावून दाखवा.’ दुकानदार तयार नसेल तर दुसरं दुकान बघा. पन्नास-साठ हजारांची वस्तू आपण घेतोय, एवढं मागणं हक्काचं आहे.

पिवळी पिन

शेजारच्या काकांकडे ५५ इंची फोरके टीव्ही आला. चित्र भुरकट, म्हणून काका तो परत करायच्या बेतात होते. मी टीव्हीच्या मागे बॅटरी मारून पाहिलं. सेट-टॉप बॉक्समधून जुनी पिवळी, लाल, पांढरी अशी तीन पिनांची वायर निघून टीव्हीबरोबर आलेल्या वीतभर अॅडॉप्टरमध्ये गेली होती.

‘काका, ही वायर कुणी जोडली?’

‘कंपनीचा मुलगा आला होता. आधीची होती तीच लावली त्यानं. म्हणाला, चालू झाला ना टीव्ही? मग झालं.’

‘बॉक्सबरोबर दुसरी वायर नव्हती आली? चपट्या पिनेची?’

आतून काकू म्हणाल्या, ‘माळ्यावरच्या खोक्यात आहे बघा एक. कसली आहे तेच कळलं नाही, म्हणून ठेवून दिली.’

ती एचडीएमआयची वायर होती. तारेचा पीळसुद्धा सुटलेला नव्हता. एक टोक बॉक्सला लावलं, दुसरं टीव्हीला, रिमोटवरून इनपुट बदललं. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये गेलो. तिथं चित्राचं माप ५७६ आणि आकार ४:३ असा पडून होता. १०८० आणि १६:९ केलं. शेवटी चॅनलचा नेहमीचा क्रमांक सोडून त्याच चॅनलचा एचडी क्रमांक लावला. बातम्यांची पट्टी खालून सरकत होती. ‘राष्ट्रीय’मधला ‘ष्ट्री’ आधी नुसता काळा डाग होता, तो आता अक्षर म्हणून वाचता येत होता. काका खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले आणि पट्टी मोठ्यानं वाचू लागले.

पिवळी पिन एचडी नेऊच शकत नाही. रंग आणि उजेड एकाच तारेत कोंबायची ती जुनी पद्धत आहे, एसडीपुरती. लाल आणि पांढरी पिन तर आवाजाच्या. एचडीएमआयचं पहिलं मानक २००२ साली आलं. म्हणजे ही काही कालपरवाची नवलाई नाही. तरीही नवा टीव्ही बसवणारा माणूस जुनी वायर लावून निघून जातो, कारण त्याच्या कामाच्या यादीत ‘टीव्ही चालू झाला’ एवढंच असतं. दोष त्या मुलाला देऊ नका. त्याला दिवसभरात किती घरं करायची हे ठरवणाऱ्या कंपनीला द्या.

आणि वायरीच्या नावानं गंडवणाऱ्यांपासूनही सावध राहा. सोन्याचा मुलामा, महागडं वेष्टन, चारआकडी किंमत यांनी चित्र सुधारत नाही. एचडीएमआयमधून आकडे जातात. वायर कमी पडली तर पडद्यावर ठिणग्यांसारखे ठिपके उडतात किंवा पडदा काळा होतो. चित्र भुरकट होत नाही. साध्या, ठीक बनावटीच्या वायरीनं काम भागतं.

वायर आली, एचडी आलं का?

एचडी दिसायला पाच गोष्टी एकदम जुळाव्या लागतात : एचडी बॉक्स, एचडीएमआय वायर, बॉक्सचं सेटिंग, पॅकमध्ये एचडी चॅनल, आणि रिमोटवर त्याच चॅनलचा एचडी क्रमांक. एक जरी हुकली तरी चित्र एसडीचंच.

मुंबईत केबलचं डिजिटायझेशन ऑक्टोबर २०१२अखेर झालं, पुणे-नागपूर-नाशिककडे ते मार्च २०१३च्या टप्प्यात आलं. त्या वेळी लागलेले बहुतेक बॉक्स एसडीचे होते. काही घरांत तोच बॉक्स अजून इमानेइतबारे चालू आहे. त्याला कुठलीही वायर लावा, एचडी येणार नाही. दूरदर्शनच्या फ्री डिशवरचे बहुतेक चॅनलही एसडी आहेत. ती फुकट आणि मोलाची सेवा आहे, पण ५५ इंची पडद्यावर ती तुम्हाला फोरके दाखवील ही अपेक्षा धरू नका.

मराठीत एचडीचा तुटवडा नाही. स्टार प्रवाह, कलर्स मराठी, झी मराठी यांच्या एचडी वाहिन्या २०१६पासून आहेत. अडचण अशी की एचडी आणि एसडी हे दोन स्वतंत्र चॅनल धरले जातात : क्रमांक वेगळा, किंमतही वेगळी. २०१९ साली लागू झालेल्या दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या दरपद्धतीत तर एक एचडी चॅनल मोजताना दोन एसडी चॅनलांएवढा धरला गेला. ग्राहक जास्तीचे पैसे भरतो आणि बोट मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीनं जुन्या क्रमांकावर जातं. कॉल सेंटरवाला सांगतो, ‘सर, तुमचा एचडी पॅक चालू आहे.’ आहे ना! पण तो बघितला जात नाहीये. ज्याच्याकडून एचडीचे पैसे घेतले, त्यानं एसडी क्रमांक लावला तर पडद्यावर ‘हाच चॅनल एचडीत अमुक क्रमांकावर आहे’ एवढी एक ओळ दाखवणं कंपन्यांना जड नाही. पैसे घेताना ग्राहकाची माहिती बरोबर सापडते, सेवा देतानाही सापडली पाहिजे.

इथं एक चकवा आहे. टीव्हीच्या रिमोटवर माहितीचं बटण दाबलं की कोपऱ्यात १९२० गुणिले १०८० असं दिसतं आणि माणूस निश्चिंत होतो. तो आकडा बॉक्सपासून टीव्हीपर्यंतच्या वायरीचा असतो. बॉक्स १०८०वर ठेवला की तो एसडी चॅनलही फुगवून १०८०मध्येच पाठवतो. चॅनल खरोखर एचडी आहे का, हे चॅनलच्या नावापुढे आणि कोपऱ्यातल्या चिन्हात बघा.

एचडी चॅनलवरही सगळं एचडी नसतं. रामानंद सागरांचं ‘रामायण’ १९८७-८८चं, ४:३ आकाराचं. ते कुठल्याही चॅनलवर लावलं तरी त्या काळच्या चित्रीकरणाइतकंच दिसणार. त्यात तुमच्या टीव्हीचा दोष नाही आणि त्या मालिकेचाही नाही. आजच्या सामन्यात मात्र हिरवळ आणि प्रेक्षक चौकोनी दिसत असतील, तर चित्र वाटेत जरुरीपेक्षा जास्त दाबलं गेलंय. गवताचं प्रत्येक पातं आणि स्टँडमधलं प्रत्येक डोकं हलत असतं. ती सगळी माहिती पाठवायला जागा लागते. जागा वाचवली की पहिली हिरवळ फाटते. त्याची तक्रार केबलवाल्याकडे किंवा डीटीएचकडे करायची, टीव्ही कंपनीकडे नाही.

दुकानाचा मोड घरात नको

शोरूममध्ये छतावर पांढऱ्या दिव्यांचा लखलखाट असतो आणि टीव्ही ओळीनं लावलेले असतात. त्यात जो सर्वांत भडक आणि निळसर, तिकडे नजर जाते. त्यासाठी ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड असतो. टीव्ही पहिल्यांदा सुरू करताना ‘घर की दुकान’ असं विचारतात, तिथं चुकून दुकान निवडलं गेलं तर तो भडकपणा कायमचा घरात येतो. काही टीव्हींवर मग चित्र बदललं तरी थोड्या वेळानं सेटिंग आपोआप पूर्ववत होतं. तसं होत असेल तर मेनूत जाऊन ‘होम’ करा.

मग चित्राचा मोड ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ करा. पहिल्या संध्याकाळी चित्र पिवळट आणि मंद वाटेल. आठवडाभर तसंच ठेवा. पांढऱ्या रंगासाठी जगभर जे प्रमाण धरतात ते सुमारे ६५०० केल्व्हिनचं आहे, आणि टीव्हीवर त्याच्या जवळ जाणारं सेटिंग बहुधा ‘वॉर्म’ असतं. दुकानातलं ‘कूल’ त्याहून बरंच निळं. ‘सैराट’मध्ये छायालेखक सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी करमाळ्याकडचं ऊन टिपलंय. त्या उन्हाचा रंग कोणता असावा हे त्यांनी आणि दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी ठरवलं. ते ऊन निळं करायचा अधिकार टीव्हीच्या कारखान्याला कोणी दिला?

दिवसा चित्र अंधारं दिसत असेल तर वीजबचतीचं सेटिंग तपासा. खोलीतला उजेड मोजून पडदा मंद करणारा सेन्सर पुष्कळ टीव्हींमध्ये सुरुवातीपासून चालू असतो. बंद करून बघा आणि तुमच्या खोलीला साजेसा उजेड हातानं ठरवा.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. बऱ्याच टीव्हींमध्ये ही सेटिंगं प्रत्येक इनपुटची वेगळी असतात. बॉक्ससाठी केलेला बदल टीव्हीतल्या अॅपला लागू होत नाही, आणि एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं, चित्र आलं की तिसराच हिशेब सुरू होतो. एकदा नीट केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बिघडलं असं वाटतं, ते यामुळे.

शार्पनेस खाली आणा

चित्र भुरकट दिसलं की हात शार्पनेसकडे जातो. ते वाढवल्यानं हरवलेला तपशील परत येत नाही. टीव्ही फक्त प्रत्येक कडेला एक पांढरी रेघ ओढतो. बातम्यांच्या पट्टीतली अक्षरं, निवेदकाचा खांदा, क्रिकेटचे स्टंप यांच्याभोवती ती रेघ स्पष्ट दिसते. शार्पनेस खाली आणत जा आणि ती रेघ नाहीशी होईल तिथं थांबा. कंपनी बदलली की हा आकडा बदलतो, म्हणून आकडा पाठ करू नका, कड बघा.

‘नॉइज रिडक्शन’चं तसंच. एसडी चॅनलवर ते थोडं ठेवलं तर चालतं. एचडीवर आणि सिनेमावर बंद करा. ते खूप वाढवलं की सुरकुत्या, केसांच्या बटा, लुगड्याचा पोत सगळं पुसलं जातं आणि वेगानं जाणारा चेंडू पुसट होतो. आपल्या ज्येष्ठ नटांच्या चेहऱ्यावर उभं आयुष्य दिसतं. ते घासून काढणारं सेटिंग चांगल्या चित्राच्या नावाखाली विकू नये.

ताणलेले चेहरे, कापलेल्या कडा

४:३ चित्र १६:९ पडद्यावर ताणलं की रुंदी एक तृतीयांशानं वाढते. सडपातळ माणूस जाड दिसतो, चंद्र लांबट होतो. बॉक्स आणि टीव्ही या दोन्हींच्या मेनूत हा आकार ठरतो. एका जागी बरोबर आणि दुसऱ्या जागी चूक असेल तरी चित्र बिघडतं. जुन्या चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात त्या येऊ द्या. पडदा पुरेपूर भरण्यासाठी माणसाचा आकार बदलणं हा कलाकाराचा अपमान आहे.

उलट काही टीव्ही चित्र थोडं मोठं करून चारही कडा कापतात. ट्यूबच्या काळात कडेचा भाग खराब असायचा, त्याची ही उरलेली सवय. धावफलकाची कड किंवा चॅनलचं चिन्ह अर्धवट दिसलं तर आकाराच्या मेनूत ‘स्क्रीन फिट’, ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फुल पिक्सेल’ अशा नावाचं काहीतरी असेल, ते लावा. चित्र ठिपक्याला ठिपका जुळून बसतं आणि तेवढ्यानंच बरंच धारदार होतं.

सिनेमाची मालिका करू नका

नव्या टीव्हीवर सिनेमा लावला आणि तो स्टुडिओत चाललेल्या मालिकेसारखा दिसला, तर तो ‘मोशन स्मूदिंग’चा पराक्रम. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी घडतो. टीव्ही त्यांच्या मध्ये स्वतः बनवलेली चित्रं घुसवतो आणि हालचाल अस्वाभाविक गुळगुळीत करतो. हात-पाय वेगानं हलले की त्यांच्याभोवती हवा थरथरल्यासारखी दिसते. एका कंपनीत याला ‘ट्रूमोशन’ म्हणतात, दुसरीत ‘मोशनफ्लो’, तिसरीत ‘ऑटो मोशन प्लस’. नावं निरनिराळी, काम एकच.

डिसेंबर २०१८मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी खास व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करायची विनंती केली. २०१९ साली यूएचडी अलायन्स या टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या संघटनेनं ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला, त्यामागे मार्टिन स्कोर्सेसी आणि ख्रिस्तोफर नोलन यांच्यासारखे दिग्दर्शक उभे राहिले. या मोडमध्ये ही सगळी लुडबुड बंद होते. क्रिकेटला थोडं स्मूदिंग आवडत असेल तर खुशाल ठेवा. पण सिनेमाला ते सुरुवातीपासून चालू ठेवून विकणं थांबलं पाहिजे. बंद करायचं बटण चार मेनूंच्या तळाशी पुरणं तर आधी थांबलं पाहिजे.

इंटरनेटवरचं चित्र

वायफायवर बघणाऱ्यांची वेगळी फसगत होते. वेग कमी पडला की अॅप गुपचूप चित्राचा दर्जा उतरवतं. नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि फोरकेसाठी १५ एमबीपीएस सुचवतं. हा वेग टीव्हीपाशी मिळायला हवा. राउटर बाहेरच्या खोलीत, टीव्ही दोन भिंतींपलीकडे, आणि वेग मोजला राउटरशेजारी उभं राहून, असं करू नका. टीव्हीतच वेग तपासा. जमलं तर लॅनची वायर लावा.

तुमचा प्लॅन कोणता आहे तेही बघा. नेटफ्लिक्समध्ये स्वस्तातल्या प्लॅनला फोरके मिळत नाही, फुल एचडीही सगळ्या प्लॅनना नाही. आणि फोनचा पडदा टीव्हीवर जसाच्या तसा दाखवायची सवय सोडा. फोन ते चित्र पुन्हा दाबून पाठवतो. टीव्हीत तेच अॅप असेल तर थेट तिथून लावा. बाहेरून फोरकेची डोंगल किंवा बॉक्स जोडत असाल तर टीव्हीच्या एचडीएमआय सेटिंगमध्ये त्या पोर्टला वाढीव क्षमता द्यावी लागते का ते तपासा. पुष्कळ टीव्हींमध्ये ती सुरुवातीला बंद असते.

खोली आणि भिंत

फुल एचडीचा सगळा तपशील दिसायला पडद्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतर पुरतं. ४३ इंची पडदा सुमारे ५४ सेंटिमीटर उंच, म्हणजे अंतर सव्वापाच फूट. एसडी चॅनल बघायचे असतील तर त्याच्या दुप्पट लांब बसा. आपल्या घरांत सोफा भिंतीला आणि टीव्ही समोरच्या भिंतीला, मधलं अंतर बिल्डरनं ठरवलेलं. म्हणून आधी टेपनं अंतर मोजा, घरात बहुतेक काय बघितलं जातं ते ठरवा आणि मग इंच ठरवा. शोरूममध्ये लहान वाटणारा पडदा घरी पुरेसा मोठा असतो.

शोकेसच्या वर, छताजवळ टांगलेला टीव्ही खालून बघितला की काही पडद्यांवर रंग फिके पडतात. डोळ्यांची पातळी पडद्याच्या मध्याच्या आसपास हवी. बाल्कनीच्या दाराचं किंवा ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडत असेल तर कुठलंही सेटिंग उपयोगी पडणार नाही, दाराचा पडदा ओढा किंवा दिवा बंद करा.

खोक्यावरची अक्षरं

३२ इंची स्वस्त टीव्हीवर ‘एचडी रेडी’ लिहिलेलं असतं. तो पडदा बहुधा १३६६ गुणिले ७६८चा, म्हणजे फुल एचडीच्या जेमतेम निम्म्या ठिपक्यांचा. ‘फोरके सपोर्ट’ म्हणजे फोरके चित्र आत घेतो. पडदा फोरके आहे असा त्याचा अर्थ होत नाही. ‘एचडीआर’चंही असंच. पडद्यात पुरेसा उजेडच नसेल तर एचडीआर सिनेमा उलट अंधारा दिसतो. ‘पडद्याचं रेझोल्युशन’ या ओळीतला आकडा वाचा, बाकीची ठळक अक्षरं सोडून द्या. खोक्यावरच्या शब्दांनी ग्राहकाची फसवणूक झाली असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तो वापरा.

खरा बिघाड कसा ओळखायचा

टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. ती अक्षरं टीव्ही स्वतः काढतो, त्यांना वायर लागत नाही आणि चॅनलही लागत नाही. मेनू स्वच्छ आणि चॅनल भुरकट असेल तर टीव्ही निर्दोष आहे, वाटेत शोधा. मेनूवरही उभी रेघ, काळा डाग, एका बाजूला अंधार दिसला तर पडद्यातच दोष आहे. त्याचा लगेच फोटो काढा, तक्रार नोंदवा आणि वॉरंटीत बदलून मागा.

पावसात चित्र अडकतं, फाटतं, आवाज तुटतो, तेव्हा सिग्नल कमी पडतोय. डिश हललीय, जोडणीत पाणी गेलंय किंवा वायर कुजलीय. जुन्या अँटेनाच्या काळात सिग्नल घटला की पडद्यावर मुंग्या यायच्या. डिजिटलमध्ये तसं होत नाही : चित्र एक तर पूर्ण येतं नाही तर तुटतं. म्हणून सतत भुरकट दिसणाऱ्या चित्रासाठी गच्चीवर डिश फिरवत बसू नका, आणि त्या कामाचे पैसे मागणाऱ्याला देऊ नका.

आता मागणी

टीव्ही बसवणं म्हणजे चार स्क्रू पिळणं नव्हे. एचडी वायर जोडणं, बॉक्सचं माप बदलणं, घराचा मोड लावणं आणि एक एचडी चॅनल सुरू करून दाखवणं, हे बसवण्याच्या कामातच मोडलं पाहिजे. कंपन्यांनी ते कामाच्या यादीत लिहावं आणि त्यासाठी लागणारा वेळ आपल्या माणसाला द्यावा. दुकानांनी टीव्ही विकताना ‘घरात बॉक्स कोणता आहे?’ हा एक प्रश्न विचारावा. आणि डीटीएच-केबलवाल्यांनी एचडीचे पैसे घेतले तर एचडी पोचतंय याची खात्री करावी. ज्या घरात वयस्कर माणसं दोघंच राहतात, तिथं तर याची दुप्पट गरज आहे. मेनू इंग्रजीत, अक्षरं बारीक, मुलं परगावी. ती माणसं तक्रार करत नाहीत, भुरकट चित्र तसंच वर्षानुवर्षं बघत राहतात.

हे सगळं आपोआप होणार नाही, ग्राहकानं ते करून घ्यायला हवं. त्यासाठी त्याच्या हातात एक गोष्ट आहे. काम संपलं की टेक्निशियन काम पूर्ण झाल्याची नोंद करायला तुमच्या फोनवर आलेला ओटीपी मागतो. तो देण्याआधी सांगा : ‘दादा, पाणी घ्या, बसा दोन मिनिटं. एचडी चॅनल लावा आणि खालची पट्टी वाचता येते का ते आपण दोघं मिळून बघू.’ पट्टी वाचता आली तर ओटीपी द्या. नाही आली तर काम अपुरं आहे, ओटीपी देऊ नका.